बाबा, त्या व्हिडिओबद्दल

संडरलंड, इंग्लंड,
१५ सप्टेंबर २०२४

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

फोनवर आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहायला बसले. बाबा, परवा तुम्ही ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पाहिला. भेळवाल्याला घेरून "मराठीत बोल" म्हणून दरडावणारी पोरं आणि खाली तुमचा अंगठा. मी काहीच लिहिलं नाही. आधी ऑगस्टमधली एक गोष्ट सांगते, तेव्हा लपवली होती.

२९ जुलैला साउथपोर्टला डान्स क्लासमध्ये एका मुलानं चाकूनं तीन लहान मुलींचा जीव घेतला. लगेच मोबाइलवर एक नाव फिरायला लागलं. म्हणे मुसलमान, होडीतून आलेला. नाव खोटं होतं, मुलगा कार्डिफला जन्मलेला. पण तेवढं थांबतंय कोण? २ ऑगस्टला, शुक्रवारी, आमच्या गावात दंगल झाली. पोलीस ठाण्याला लागून एक ऑफिस होतं, तिथं लोकांना भाडं, कर्ज, सरकारी मदत असल्या गोष्टींवर फुकट सल्ला मिळायचा. तेच जाळलं. (जाळणाऱ्यांतले किती जण कधी तिथल्याच रांगेत बसले असतील, देव जाणे.) ड्यूटीवर निघालेल्या दोन फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगड पडले. मी दिवे मालवून घरात बसले होते. आई, त्या रात्री "इथं काही नाही गं, नुसता पाऊस आहे" म्हणाले ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "तुझ्याबद्दल नाही हं, पेट." इथं लाडानं 'पेट' म्हणतात. मी बीपीचा पट्टा गुंडाळत होते, तशीच गुंडाळत राहिले. राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण त्यांच्यात मला तुम्हीच दिसता. ते गोदीत वेल्डर होते. इथली शेवटची गोदी १९८८ला बंद पडली, कोळशाची खाण १९९३ला. खाणीच्या जागेवर आता फुटबॉलचं स्टेडियम आहे. तुमच्या गिरणीच्या जागेवर मॉल झाला, तसंच.

२०१६च्या सार्वमतात या गावातल्या ६१ टक्के लोकांनी ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणून मत दिलं, आजोबांनीही. तेव्हा एक लाल बस फिरायची. युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते दवाखान्यांना देऊ, असं तिच्यावर लिहिलेलं. आकडा फसवा आहे हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "बसवरचं कोण वाचत होतं? तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला विचारलं." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पण एकदा "जनता बोलली" म्हटलं की मग पुढं कुणी तोंड उघडायचं नाही, हेही इथं झालं. संसदेला विचारल्याशिवाय सरकारनं बाहेर पडण्याची नोटीस देऊ नये, एवढंच तीन न्यायाधीशांनी म्हटलं, तर एका पेपरनं पहिल्या पानावर त्यांचे फोटो छापून वर मथळा दिला, 'जनतेचे शत्रू'. बाबा, तुम्ही आणीबाणी पाहिलीय. कोर्टावर असं बोट कधी रोखलं जातं, ते तुम्हाला मी काय सांगू!

गंमत अशी की त्या मतानंतर युरोपातल्या नर्सेस यायच्या कमी झाल्या आणि आपल्याकडच्या नि फिलिपिन्सच्या वाढल्या. म्हणजे आजोबांनी मत देऊन मलाच बोलावून घेतलं. हे त्यांना सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसले.

आता लालबागचं. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी'च्या दिवसांत नाक्यावरच्या उडप्याच्या हॉटेलची काच तुम्ही फोडली होती, हे तुम्हीच दर दिवाळीला हसत सांगता. तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे. पोरांना नोकऱ्या नव्हत्या, हे खरंच होतं. पण ज्या ऑफिसातल्या नोकऱ्यांसाठी ती घोषणा होती, त्यातली आपल्या चाळीत किती आली? आणि तुम्ही सांगता त्याचा पुढचा भाग आई सांगते, तुम्ही नाही. ब्याऐंशीचा संप लांबला, घरातले डबे रिकामे झाले, तेव्हा त्याच हॉटेलातल्या अण्णानं चार महिने उधारीवर इडली-चहा दिला. वहीत तुमचं नाव लिहिताना त्यानं काचेचा विषय काढला नाही. आई म्हणते, तुम्ही त्याच्याकडं पाहत नव्हता, बशीतल्या चटणीकडं पाहत होता.

मी टॅक्सीत असते तर दगड मारणाऱ्याला माझ्या खिशातल्या ओळखपत्रावर काय लिहिलंय ते दिसलं नसतं.

डिसेंबरची रजा मंजूर झाली. आईसाठी गुडघ्याचा पट्टा घेतलाय. तो भेळवाला आपल्या स्टेशनबाहेरचाच वाटला, निळी छत्री ओळखीची होती. संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा अजून उभा असतो का, तेवढं बघा आणि मला कळवा.

तुमची,
सुमी