सूचना : डोळ्याच्या नमुन्यांसाठी सेल सॉर्टर

सॉर्टर वापरणाऱ्या सर्व सदस्यांना,

येत्या गुरुवारी सकाळी ९ ते दुपारी २ सॉर्टर (पेशी प्रकारानुसार वेगळ्या करणारे यंत्र) फक्त रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) नमुन्यांसाठी राखीव आहे. सॉर्ट झालेल्या पेशी त्याच दिवशी सिंगल-सेल सिक्वेन्सिंगसाठी (एकेका पेशीतील आरएनए वाचण्यासाठी) जातील. नावे मंगळवारी संध्याकाळपर्यंत नोंदवहीत लिहावीत. तोंडी सांगितलेले धरले जाणार नाही.

– पपेन या विकराने (एन्झाइमने) पेशी सुट्या केल्यावर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळूनच आणा. गुठळ्यांनी नोझल (यंत्राची बारीक तोटी) तुंबले की मागच्या सगळ्यांचा दिवस जातो.
– न रंगवलेला आणि प्रत्येक रंगाचा एकेरी कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. मृत पेशी ओळखण्यासाठी डॅपी किंवा ७-एएडी हा रंग.
– नळ्या बर्फात ठेवा.

गँग्लिऑन पेशी (रेटिनातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या) हव्या असणाऱ्यांनी जास्त वेळ मागून घ्यावा. उंदराच्या रेटिनात त्या १ टक्क्याच्या आसपासच असतात, बाकी बहुतेक गर्दी रॉड पेशींची (मंद प्रकाश टिपणाऱ्या). २०१५ च्या उंदराच्या रेटिनावरील ड्रॉप-सेक (थेंबाथेंबात एकेक पेशी पकडून तिचा आरएनए वाचण्याची पद्धत) अभ्यासात ४४,८०८ पेशी वाचून पेशींचे ३९ गट निघाले होते. दोन-तीनशे पेशींवर तसल्या चित्राची अपेक्षा नको.

मानवी नेत्रदानातील ऊती असल्यास नैतिक समितीच्या मंजुरीची प्रत सोबत आणावी. त्याशिवाय नळी यंत्राला लागणार नाही.

– सॉर्टर व्यवस्थापन