बोंडअळीच्या प्रश्नाला उत्तर दिलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र ओपीडीत तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुमच्या दाराबाहेर नंबर लावून बसलेल्या कितीतरी घरांत आमच्यासारखीच भांडणं चालली असतील, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

बाबांनी आयुष्यात विडी ओढली नाही, तरी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ईजीएफआर जनुकात बदल सापडला, जेफिटिनिब सुरू झाली. केमोची धास्ती घेतलेल्या आम्हाला रोजची एक गोळी म्हणजे देव पावल्यासारखं वाटलं. खोकला थांबला, बाबा पुन्हा बांधावर जाऊन सालदारावर ओरडू लागले. मग एका स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली, यकृतातही नवा डाग. त्यानंतर घरात काय काय निघालं! गोळीच नकली असेल, लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून झालं, आईनं वेळा पाळल्या नाहीत. आई तर ते मनावर घेऊन बसली होती.

तुम्ही फाइल बघून आधी आईशीच बोललात. गोळीनं तिचं काम केलं, तुमच्याकडून काही चुकलं नाही, हे सांगितलंत. एक सेंटिमीटरच्या गाठीत शंभर कोटींच्या आसपास पेशी असू शकतात. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. इतक्या गर्दीत गोळीला न जुमानणाऱ्या चार-दोन पेशी बहुतेक वेळा औषध सुरू होण्याआधीपासूनच असतात. गोळी बाकीच्यांना मारते आणि मोकळ्या झालेल्या जागेत या वाढतात. पीटर नॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञानं कॅन्सर असा आतल्या आत उत्क्रांत होतो हे १९७६ मध्येच मांडलं होतं, असं मी नंतर वाचलं. आमच्यापर्यंत ते तुमच्या टेबलावर, प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला काढलेल्या गोळ्या-गोळ्यांच्या चित्रातून आलं.

तेव्हा बाबा म्हणाले, "हे त बोंडअळीवानीच झालं न मॅडम."

तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाही, उलट खुर्ची पुढे ओढून विचारलंत, कसं काय? मग बाबांनी सांगितलं. बीटी कपाशी आली तेव्हा अळी मरायची. बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, साधी अळी तिथे जगावी म्हणून ती कडेनं लावायची होती. कुणी लावली नाही, पुड्या फेकल्या. बीटीला पुरून उरलेली गुलाबी बोंडअळी वाढत गेली आणि २०१७ साली यवतमाळात बोंडं फोडली की आत अळी. एवढं सांगून त्यांनी प्रश्न टाकला: मग शरीरातही थोडी साधी पेशी जगू द्यायची का, दवा कमी करून?

मला लाज वाटली होती, खरं सांगतो. तुम्ही मात्र म्हणालात की नेमका हाच विचार अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या रॉबर्ट गेटनबी यांनी केलाय. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना त्यांनी अबिराटेरोन हे औषध रोज देत राहण्याऐवजी पीएसए (प्रोस्टेटचा आजार किती आहे हे दाखवणारा रक्तातला आकडा) निम्म्यावर आला की थांबवलं आणि पहिल्या पातळीवर गेला की पुन्हा सुरू केलं. २०२२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत आजार वाढेपर्यंतचा मध्यम काळ सुमारे ३३ महिने होता, नेहमीच्या पद्धतीनं औषध घेणाऱ्यांत १४. असं थांबत-थांबत औषध घेणारे रुग्ण मात्र थोडेच, जेमतेम सतरा, हेही तुम्ही लगेच जोडलंत.

आणि बाबांच्या उपमेतली गफलतही तुम्हीच दाखवलीत. शेतात साध्या अळीचा पतंग चिवट अळीच्या पतंगाशी जोडी जमवतो, म्हणून पुढची पिढी पुन्हा मरण्याजोगी होते. कॅन्सरच्या पेशी जोड्या जमवत नाहीत. तिथे साध्या पेशी जागा आणि अन्न अडवून चिवट पेशींना दाबून ठेवतात, एवढाच आधार. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा मनानं एक दिवसही गोळी सोडायची नाही, असा दम भरलात. आमच्या गावात गोळ्या "गरम पडतात" म्हणून एकाआड एक दिवस घेणारे आहेत. त्यांच्यासाठी हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय.

त्यानंतरचं श्रेय तर सरळ तुमच्या हट्टाचं. जेफिटिनिब चुकवणाऱ्या गाठींपैकी साधारण निम्म्यांत टी७९०एम हा एकच बदल सापडतो आणि त्यावर ओसिमर्टिनिब ही दुसरी गोळी चालते. रक्ताच्या तपासणीत तो आला नाही. बाहेर एकानं सल्ला दिला की आता सरळ केमो घ्या, कशाला पुन्हा सुया टोचता. तुम्ही म्हणालात, गाठीनं रक्तात पुरेसा डीएनए सोडला नसेल तर ही तपासणी कोरीच येते, त्यावरून "बदल नाही" असं ठरत नाही. पहिल्या वेळी तपासायला काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरही विसंबायचं नाही, कारण ही गाठ आता पहिली राहिलेली नाही. यकृतातून तुकडा घेतला आणि टी७९०एम सापडला.

गोळी महाग आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क माफ झालं तरी आमच्यासारख्यांना महागच. त्या कागदपत्रांसाठी तुमच्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी जी धावपळ केली, तिच्यासाठी वेगळं पत्र लिहायला हवं.

एक मात्र विचारायचं राहून गेलं होतं, ते आमच्या भावानं शोधून काढलं: परळच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, २०२० साली छापलेल्या, जेफिटिनिबसोबत सुरुवातीपासून केमो दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ वरून १६ महिन्यांवर गेला होता. दोन वेगळ्या वाटांनी एकदम मारा केला की दोन्ही चुकवणारी पेशी विरळा, हे आता आम्हाला कळतं. बाबांची तेव्हाची तब्येत केमो झेपण्यासारखी नव्हती, हेही आठवतं. तेव्हा त्यावरून घरात भांडण झालं नाही. पूर्वी झालं असतं.

ओसिमर्टिनिबलाही चुकवणारे बदल असतात, सी७९७एस त्यातलाच एक, हे तुम्ही गोळी लिहून देतानाच सांगितलंत. कडू होतं, पण त्यामुळे आई आता जिलेबीवर आळ घेत नाही. बाबांनी पुढच्या खेपेसाठी प्रश्न काढून ठेवलाय: गाठ परत वाढली तर रक्तावर भागेल की सुईच लागेल, आणि दोन जागच्या गाठींत दोन वेगळे बदल निघाले तर कुणाच्या हिशेबानं औषध द्यायचं?

आपला कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटचा मुलगा, जि. यवतमाळ