वर पाऊस, खाली ऊन आणि मध्ये नाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्रावणातल्या रविवारी पाटणादेवीचा रस्ता, मनुदेवीची वाट आणि तोरणमाळचा घाट गाड्यांनी भरून जातो. जायलाच हवे. मे महिन्यात 45 अंशांनी होरपळून निघालेल्या खान्देशाला जेमतेम दोन महिन्यांत हे हिरवे रूप येते. काळ्या कातळावरून कोसळणारा पाटणादेवीचा धवलतीर्थ धबधबा आणि तोरणमाळच्या सीताखाई दरीत उतरणारे ढग बघितल्याशिवाय पावसाळा पुरा होत नाही. पण धबधब्याखाली उतरणारे बहुतेक जण आपल्या डोक्यावरचे आभाळ बघून ठरवतात, नाला जिथून येतो त्या माथ्याकडे कोणी बघत नाही. ही चूक जिवावर बेतते, म्हणून हे पत्र.

आपले हे डोंगर लाव्हाच्या थरांचे आहेत. वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असला की मऊ थर आधी झिजतो आणि कड्यावरून धार पडते. धबधबा देणारा हाच कातळ पाणी मात्र फारसे पीत नाही. वरची माती वीतभर, खाली दगड. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर 10 लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी दोन तासांत नाल्यात उतरले, तरी दर सेकंदाला दहा हजार लिटरचे सात टँकर एका अरुंद घळीतून सुटल्यासारखे होते. एवढ्या लहान पाणलोटाचा लोंढा खाली यायला बहुधा अर्धा-पाऊण तास पुरतो. माथ्यावर ढग फुटतो तेव्हा खाली डोहाकाठी ऊन पडलेले असू शकते.

31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावने हे पाहिले. रात्रभर डोंगरात कोसळलेले पाणी तितूर आणि डोंगरी नद्यांतून शहरात शिरले, शेकडो जनावरे गेली, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. जिथे पात्र अतिक्रमणाने आवळले होते तिथे पाणी उंच चढले. रुंदी काढून घेतली की नदी ती उंचीने भरून काढते.

तरी लोंढ्याला नुसता वैरी समजणे चूक ठरेल. सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर या नद्यांनी हजारो वर्षे जे दगडगोटे वाहून आणून पायथ्याशी पसरले, त्या थराला भूजलशास्त्रात बझाडा म्हणतात. डोंगराचे पाणी त्यात मुरते आणि रावेर-यावलच्या विहिरींना लागते. आपल्या केळीच्या बागा या जुन्या पुरांच्या पुंजीवर उभ्या आहेत. त्या पाण्याला त्याची वाट सोडावी आणि ते येते आहे हे ओळखावे, एवढेच आपल्या हातात आहे.

ओळखायचे कसे? निवळशंख पाणी चहासारखे होऊ लागते. पालापाचोळा, काटक्या आणि फेसाचे पुंजके वाहत येतात. ओल्या मातीचा वास येतो आणि वरून ट्रक घाट चढत असल्यासारखी घरघर ऐकू येते. धार अचानक बारीक झाली तर अधिक घाबरावे. वर ओंडक्यांचा आणि दगडांचा बांध अडकला असेल तर तो फुटल्यावर सगळे पाणी एकदम सुटते. यातले एकही लक्षण दिसले की पिशवी, चप्पल, डबा जागेवर सोडून काठाच्या उतारावर सरळ वर चढावे. नाल्याच्या कडेने खाली पळू नये, कारण पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येते. पात्रातल्या खडकावर तर उभेच राहू नये, त्याचे बेट कधी होते ते कळत नाही. पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा. पाऊस थांबल्यावर लहान नाला काही तासांत ओसरतो.

डोहाबद्दल थोडेसे. धारेखालच्या पांढऱ्या, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते नीट तोलत नाही आणि पडणाऱ्या पाण्याचा भोवरा खाली ओढतो. तळाशी रांजणखळगे, म्हणजे पाण्याने कातळात कोरलेले खोल खड्डे असतात. कड्यावरून पाण्याबरोबर दगडही येतात. भिजायचेच असेल तर धारेपासून दूर, उथळ जागी भिजावे.

खरा घात होतो फरशीवर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर. फरशीखालचे पाइप काटक्या आणि गवताने तुंबतात आणि पाणी वरून वाहू लागते. गढूळ पाण्यात कड दिसत नाही, मधली फरशी खचून वाहून गेली असेल तर तेही दिसत नाही. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. सेकंदाला दोन मीटर वेगाचे गुडघाभर पाणी दोन्ही पायांवर मिळून साधारण 20 ते 25 किलोच्या जोराने ढकलते, आणि पायाखाली शेवाळ असते. फूट-सव्वा फूट पाण्यात लहान मोटारीची चाके रस्ता सोडू लागतात, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहतात. मोटारसायकल तर त्याआधीच जाते. वरच्या बाजूने पडलेला माणूस पाइपाच्या तोंडाकडे ओढला जातो, आणि तिथून त्याला काढणे फार अवघड असते.

सोडवायला जाणारेही यातच बुडतात. कमरेला दोर बांधून प्रवाहात उतरू नये. दोर ताणला की पाणी माणसाला पृष्ठभागाखाली दाबते. तरंगणारा प्लॅस्टिकचा 15-20 मीटरचा दोर घ्यावा, टोकाला झाकणाचा रिकामा कॅन बांधून त्यात फेकण्यापुरते थोडे पाणी ठेवावे. काठावर बसून, पाय दगडाला टेकवून फेकावा आणि आपले टोक हाताला गुंडाळू नये. वाहून जाणाऱ्याने उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि तिरके काठाकडे सरकावे. वेगाच्या पाण्यात उभे राहायला गेल्यास पाऊल दगडांत अडकते.

ग्रामपंचायती आणि बांधकाम खात्याकडे दोन मागण्या आहेत. प्रत्येक फरशीच्या दोन्ही कडांना खांब रोवून त्यांवर दर 30 सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे ओढावेत, म्हणजे पाणी किती आणि कड कुठे हे दोन्ही कळेल. दुसरे, नाल्याच्या उगमाकडच्या पाड्यावर सरळ भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवावा. तासाभरात त्यात 5 सेंटिमीटर पाणी साचले, म्हणजे 50 मिलिमीटर पाऊस झाला, की पाड्यावरच्या माणसाने खालच्या गावाला आणि देवस्थानाला फोन करावा. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याचा असतो, हा फोन त्या नाल्याचा असेल. ज्याच्याकडे हे काम सोपवाल त्याला मानधन द्यावे आणि त्याने फोन केल्यावर डोह रिकामा करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही आधीच ठरवावे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई घरोघरी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. बायका, पोरे, म्हातारी माणसे, सगळे पात्रात उतरतात. खांबांना पट्टे ओढायला रंगाचा एक डबा आणि एक सकाळ पुरते. ती सकाळ कानबाईच्या आधीची असावी.

आपले विश्वासू,
काही डोंगरभटके वाचक, चाळीसगाव