यादीतलं एक नाव

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू "मी आता पळत नाही, आईला द्या" एवढंच बोललीस. मलाही फोनवर धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. इतकी वर्षं लोकांची पत्रं घरोघर वाटली, म्हटलं आता एक आपल्या पोरीला लिहावं. टपालाला दोन-चार दिवस लागतील, तोवर तुझा राग जरा निवेल, हाही हिशेब त्यात आहे.

घरचं सगळं ठीक. सोयाबीन निघालं, पण भाव नाही म्हणून पोती ओसरीतच रचून ठेवली आहेत. तू आलीस की झोपायची जागा बदलावी लागेल. कपाशीच्या पहिल्या वेचणीची पूजा, सीतादही, झाली. तूर फुलावर आहे आणि रोही रात्रीचे धुऱ्यावरून आत शिरतात, म्हणून तुझा भाऊ जागलीला जातो. जागली म्हणजे मचाणावर बसून मोबाइल पाहतो. रोह्यांना ते कळलेलं दिसतं.

आता मुद्द्याचं. अमरावतीला विभागीय स्पर्धेत काय झालं ते तुझ्या सरांनी मला सांगितलं. ३००० मीटर, साडेसात फेऱ्या, आणि पुढच्या पोरी तुला एक अख्खी फेरी देऊन निघून गेल्या. तू शेवटची आलीस. शेवटचं येणंही छान असतं वगैरे मी लिहिणार नाही. असं म्हणणारे बहुतेक कधी मैदानात उतरलेले नसतात. पण तुला त्या नंबराचं फारसं लागलेलं नाही, एवढं बापाला कळतं. मंडपात त्या मुली म्हणाल्या ना, "हिच्या जिल्ह्यात पळायला पोरीच नव्हत्या म्हणून ही आली, फुकटची एन्ट्री", ते लागलं. आणि ते साफ खोटंही नाही, म्हणून जास्त लागलं. जिल्ह्याला तुम्ही तिघीच होत्या, त्यातली एक पोट धरून मध्येच बसली.

तर ऐक. अशी एन्ट्री ऑलिंपिकलाही असते. तिथे धावायचं तर ठरावीक वेळ काढावी लागते, नाहीतर जागतिक क्रमवारीत वर असावं लागतं. पण ज्या देशाचा एकही धावपटू त्यात बसत नाही, त्याला आपला एक पुरुष आणि एक बाई पाठवता येते. दोनशेच्या वर देश तिथे झेंडा घेऊन चालताना दिसतात, त्यातल्या कितीतरींच्या नावापुढे याच नियमाची जागा असते. १०० मीटरला तर अशा धावपटूंची आधी वेगळी प्राथमिक फेरी होते. टीव्हीवर ती क्वचितच दिसते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आपल्या शेजारच्या भूतानचे एकूण तीन खेळाडू होते. आपल्या बैलबंडीत मावतील एवढे. एक तिरंदाज, एक पोहणारा आणि एक मॅरेथॉन धावणारी, किंझांग ल्हामो. तिरंदाजी हा भूतानचा राष्ट्रीय खेळ. १९८४ साली तो देश पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तेव्हापासून कितीतरी वर्षं ते नुसते तिरंदाजच पाठवायचे. आजवर एक पदक नाही. किंझांगची जागा याच नियमातली होती.

११ ऑगस्टला शेवटच्या दिवशी बायकांची मॅरेथॉन झाली. पॅरिसहून व्हर्सायपर्यंत जायचं आणि परत यायचं, मध्ये भलते चढ. नेदरलँड्सच्या सिफान हसनने २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत सोनं घेतलं. किंझांग आली ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांनी. ८०वी, सगळ्यात शेवटची. तिच्याआधी कितीतरी जणी मध्येच थांबल्या होत्या. दीड तास उलटला तरी लोक गेले नव्हते. शेवटच्या टप्प्यात कोणी सायकलवर, कोणी पायी तिच्या सोबतीने निघाले.

हा व्हिडिओ आपल्या गावाच्या ग्रुपवरही फिरला. खाली हात जोडलेले, फुलं, "जिद्द असावी तर अशी". मला त्या फुलांचं काही विशेष वाटलं नाही. मी मात्र कागद घेऊन तिच्या वेळेचा भागाकार केला. दर किलोमीटरला साडेपाच मिनिटं पडली. गावापासून फाट्यापर्यंत तूसुद्धा याहून जोरात जातेस. पण दारव्ह्याहून यवतमाळ साधारण तेवढंच लांब आहे, ते सगळं अंतर याच चालीने, वर चढ लागलेले, असं डोळ्यांपुढे आण. लोकांनी पाहिली ती दया करण्याजोगी शेवटची बाई. मला तर ती चांगली तयारीची धावपटू दिसली, फक्त तिच्यापुढे जगातल्या ७९ जणी होत्या. तुझ्या आजीला तो व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, "पोहोचली ना शेवटपावतर? मंग टाया काहून वाजवून रायले एवढ्या, तिचं कामच होतं ते!" मला आजीचं म्हणणं ग्रुपवाल्यांपेक्षा जास्त पटलं.

आता त्या नियमाचा उपयोग काय होतो, ते सांगतो. कॅरिबियन समुद्रात सेंट लुसिया म्हणून एक बेट आहे, वस्ती पावणेदोन-दोन लाखांची. त्याच भागात डॉमिनिका, ते तर ७० हजारांच्या आसपास. दोन्ही देश १९९६ साली पहिल्यांदा उन्हाळी ऑलिंपिकला गेले. त्यानंतर दर चार वर्षांनी थोडेथोडे खेळाडू गेले, पळाले, पोहले, रिकाम्या हाताने परत आले. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत आणि तुझ्या वसतिगृहातल्या कोणालाही असणार नाहीत. मग ३ ऑगस्ट २०२४. एकाच संध्याकाळी, एकाच स्टेडियममध्ये, डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटर मारून सोनं घेतलं आणि सेंट लुसियाच्या ज्युलियन अल्फ्रेडने १०० मीटर १०.७२ सेकंदांत जिंकले. पावसात. दोन्ही देशांचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. दोन्ही संघ चार-चार जणांचे. मधल्या २८ वर्षांत कोणीच गेलं नसतं, तर त्या देशांत ऑलिंपिकला जाण्याची वहिवाट तरी पडली असती का, याचा विचार कर.

यादीत नावच नसलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. प्रशांत महासागरात नाउरू नावाचं बेट आहे, २१ चौरस किलोमीटरचं. म्हणजे आपल्याकडची पाच-सहा गावांची शिवारं. तिथला मार्कस स्टीफन हा वजन उचलणारा पठ्ठ्या. राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने सोनं घेतलेलं. पण नाउरूला तेव्हा ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती, म्हणून १९९२ साली बार्सिलोनाला त्याला सामोआ या दुसऱ्या देशाच्या नावाने उतरावं लागलं. १९९६ ला नाउरूचं नाव यादीत आलं आणि तो आपल्या देशातर्फे गेला. पुढे तो त्याच देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. (तू सरपंच हो असं मी म्हणत नाही. आपल्या सरपंचाचे हाल मी रोज पाहतो.)

तुला आठवतं का, टोकियोच्या वेळी दीपक पुनियाची कुस्ती? चहाच्या टपरीवर एका मोबाइलवर दहा डोकी वाकली होती. ८६ किलो, कांस्यपदकाची लढत. आपला गडी शेवटच्या काही सेकंदांपर्यंत पुढे होता आणि त्या मायल्स अमीनने पाय धरून कुस्ती फिरवली. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, "हे सॅन मरिनो हाय तरी कुठं?" इटलीच्या पोटात आहे, चारी बाजूंनी इटलीच. ६१ चौरस किलोमीटर, वस्ती दिग्रसएवढीसुद्धा नाही. १९६० पासून ऑलिंपिकला जात होते, पहिलं पदक २०२१ ला मिळालं आणि मग त्याच स्पर्धेत एकदम तीन आले. पाच जणांचा संघ, तीन पदकं! आपण त्या दिवशी शिव्या दिल्या. खरं तर त्यांनी ६१ वर्षं वाट पाहिली होती.

आणि नीरज चोप्राला २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ज्याने मागे टाकलं तो अँडरसन पीटर्स ग्रेनेडाचा. त्या देशाची लोकसंख्या यवतमाळ शहराएवढी.

हे सांगितलं की टपरीवर लगेच कोणीतरी म्हणतं, एवढ्याशा देशाला सोनं आणि आपले ११७ पॅरिसला जाऊन एक रौप्य आणि पाच कांस्य घेऊन आले. मला हे बोलणं आवडत नाही. लहान देश आहे म्हणून आपोआप जिगर येते, असं काही नसतं. त्या ज्युलियनची गोष्ट पूर्ण ऐक. लहानपणी ती अनवाणी, शाळेच्या गणवेशात पळायची, हे तिनेच जिंकल्यावर सांगितलं आणि आमच्याकडे धड सोयी नाहीत हेही तेव्हाच बोलून टाकलं. सेंट लुसियात २००९ ला एक मोठं इस्पितळ जळालं, तर त्यांनी मुख्य स्टेडियममध्येच इस्पितळ हलवलं आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. आपल्याकडे मैदानात सभेचे मंडप पडतात, तिथे खाटा पडल्या होत्या. पोरगी १४ व्या वर्षी घर सोडून जमैकाला शिकायला गेली, तिथून अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात. अमीन तर अमेरिकेतच वाढलेला, तिथल्याच आखाड्यात घडलेला. म्हणजे नाव लहान देशाचं आणि मैदान दुसऱ्याचं. ज्यांच्या गावात धावपट्टी नाही त्यांना ती जिथे आहे तिथे जावंच लागतं, यात गावाशी बेइमानी नाही. आजी रोज विचारते, पोरीला एवढ्या दूर काहून ठेवलं. मी तिला हेच सांगतो. तिला पटत नाही, तो भाग वेगळा.

ज्या अमरावतीत तू शेवटची आलीस, तिथल्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेली होती, हुतूतूसारखे आपले देशी खेळ जगाला दाखवायला. पदकाचा प्रश्नच नव्हता, कारण ते स्पर्धेतच नव्हते, नुसतं प्रात्यक्षिक होतं. तेव्हा त्यांनाही कोणी म्हणालं असेल, कशाला जाता बोटीचा खर्च करून.

आता तुझं. सर म्हणाले, पुढल्या वर्षी ३००० मीटरला जिल्ह्यातून एकही नाव आलं नाही तर विभागाच्या कागदावर आपल्या जिल्ह्यापुढे रेघ मारलेली असेल. आणि एकदा रेघ पडली की खालच्या शाळा तो प्रकार शिकवायचाच सोडतात. तू पळालीस म्हणून यंदा रेघ पडली नाही. तुझ्या शाळेतल्या आठवीच्या दोन पोरी आता सकाळी पांदणीने पळताना दिसतात, मी टपालाची पिशवी घेऊन जाताना पाहतो. एक चपलांत पळते. त्यांना तू कितवी आलीस ते ठाऊक नाही, अमरावतीला गेली होतीस तेवढं ठाऊक आहे.

तुला पळायचंच नसेल तर नको पळू. अभ्यास आहे, बारावी तोंडावर आहे, मी जबरदस्ती करणार नाही. आईचं तर मत आहे की तू बारीक झालीस, आता बस कर. पण पाय दुखतात म्हणून सोड, कंटाळा आला म्हणून सोड, वेळ पुरत नाही म्हणून सोड. त्या मंडपातल्या पोरी बोलल्या म्हणून सोडलंस, तर मला पटणार नाही. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं तर सांग, हो, आमच्याकडे तीनच जणी होत्या, मी त्यांच्यातली पहिली. आणि मग फेरी वाचवायचं बघ. एक फेरी म्हणजे ४०० मीटर. सर म्हणतात, तू पहिले दोन हजार घाईत पळतेस आणि मग श्वास जातो. चाल आधी हळू धर, असं त्यांनी मला सांगितलं. मी तुला सांगतो. यात माझी अक्कल काही नाही.

क्रॉस कंट्रीची निवड पुढच्या महिन्यात आहे म्हणे. नाव द्यायचं की नाही ते तू ठरव आणि सरांना तूच सांग, माझ्यामार्फत नको.

डब्यात आईने मुंगवड्या आणि तिळाची चटणी दिली आहे, तुझ्या मामाबरोबर पाठवतो. सोयाबीनचं एक पोतं विकलं, त्यात स्पाइक्सचे पैसे निघाले. पळायचं नाही ठरवलंस तर त्या पैशांत साधे बूट घेऊ, ते लागतातच. आई म्हणते तुझा नंबर पाच, मी म्हणतो सहा. पत्र मिळताच कळव, दुकानदार बदलून देत नाही.

तुझा,
बाबा