काका, तुमच्यामुळे माझा डबा खरं बोलायला लागला

काका, नमस्कार.

हे पत्र आधीच लिहायला हवं होतं, पण अंदमानहून आल्यापासून ऑफिसमध्ये मान वर करायला वेळ नाहीये, आणि फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहाला ये" म्हणून फोन ठेवता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

ज्यांना स्कूबातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनवाली हवा, साधारण ३२ किंवा ३६ टक्के. नायट्रोजन कमी असल्याने खाली जास्त वेळ राहता येतं, पण ठराविक खोलीनंतर तोच ऑक्सिजन घातक होतो, ३२ ला साधारण ३३ मीटर, ३६ ला २८. त्याखाली गेलात तर पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणून सिलिंडर वापरण्याआधी त्यातला ऑक्सिजन स्वतः मोजायचा असतो, आणि तो मोजणारा विकतचा अ‍ॅनालायझर महाग वाटला म्हणून मी तो घरीच बनवायला घेतला.

ऑक्सिजनचा सेन्सर सरळ आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या अ‍ॅनालॉग पिनला जोडला होता मी. स्क्रीनवर १०, २१, ३१ टक्के असे आकडे नाचायचे. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघितलंत आणि म्हणालात, "अरे बाबा, सेन्सर हवेत जेमतेम १० मिलिव्होल्ट देतो, तुझ्या बोर्डाची एक पायरीच ५ ची, पोत्याच्या काट्यावर सोनं तोलतोयस." लॅमिंग्टन रोडवरून एडीएस१११५ आणला, बारीक व्होल्टेज मोजणारा १६ बिटवाला कन्व्हर्टर, त्याचा गेन (सिग्नल वाढवायची सेटिंग) १६ वर ठेवला आणि आकडा एकदम जागेवर बसला. मला वाटलं झालं काम.

तुम्हाला नाही वाटलं. तुम्ही आयुष्यभर हॉस्पिटलचे व्हेंटिलेटर दुरुस्त केलेत, त्यात हेच सेन्सर असतात. "हवेत सगळेच सेन्सर शहाणे असतात" म्हणत मेडिकल ऑक्सिजनची छोटी बाटली काढलीत, त्याआधी मला साबणाने दोनदा हात धुवायला लावलेत कारण ऑक्सिजनपाशी तेल-ग्रीस नको. हवेत १०.२ मिलिव्होल्ट तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४८.८ यायला हवेत, माझा सेन्सर ३८ ला अडकला. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून मी खूश होतो! तो वापरला असता तर जास्त ऑक्सिजन कमी दाखवला असता, आणि मी त्या भरवशावर खोल गेलो असतो.

मग नवीन सेन्सर, प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी टी, दुसरं तोंड उघडं म्हणजे आत प्रेशर साठत नाही, आणि हे सगळं बसवायला स्टीलचा डबा (आईचा, तिला अजून माहीत नाहीये).

अंदमानला सिलिंडरवर टेप होती ३२. डब्याने दाखवले ३६.९. पहिला संशय अर्थात स्वतःच्या सोल्डरिंगवर. मग तुमचं आठवलं, समुद्राकाठची हवा दमट, तिच्यात कोरड्या हवेसारखा २०.९ टक्के ऑक्सिजन धरून डबा कॅलिब्रेट केला (आकडा जुळवून घेतला) की सिलिंडरचा कोरडा गॅस टक्काभर जास्त दिसतो. साध्या हवेच्या सिलिंडरवर परत कॅलिब्रेट केलं, फ्लो तेवढाच ठेवून. ३५.६. मग डायव्हिंगवाल्यांच्याच मीटरवर मोजायला लावलं, तिथेही साडेपस्तीस. त्यांनी काही न बोलता सिलिंडर बदलून दिला. आमचा प्लॅन ३२ मीटरचा होता काका.

घरी हे सांगितलं नाहीये, तुम्हीही बोलू नका.

सेन्सरवर तुम्ही मार्करने लिहिलेली तारीख मार्चमध्ये संपतेय. नवीन घेतला की ती ऑक्सिजनची बाटली काढून ठेवा, मी येतो, हात धुऊनच येतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा