नीतिमत्त्वाचा सातबारा

रेवदंडा,
17 नोव्हेंबर

प्रिय अनंता,

सप्रेम सलाम.

पत्र पोचलं. बायबलच्या नव्या करारात मत्तयापासून वाचत वाचत तू प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रापर्यंत आलास आणि तिसऱ्या अध्यायात अडकलास, यात नवल नाही. भलेभले तिथेच अडकतात. तुझी तक्रारही बरोबर आहे. 'नीतिमान' म्हणजे नीतीने वागणारा, एवढंच आपल्याला शाळेपासून ठाऊक. मग पौल आधी म्हणतो "नीतिमान कोणी नाही, एकदेखील नाही", आणि पान उलटायच्या आत त्याच माणसांना नीतिमान ठरवून मोकळा होतो. हे कुठलं गणित?

गोची आपल्या मराठी शब्दात आहे. 'नीतिमत्त्व' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सज्जन, निर्व्यसनी, सोवळ्यातला माणूस उभा राहतो. जुन्या करारातले मूळ हिब्रू शब्द त्सेदेक आणि त्सेदाका. त्यांचा वास सोवळ्याओवळ्याचा नाही, बाजाराचा आणि चावडीचा आहे. लेवीय या पुस्तकातलं 19:36 (अध्याय 19, वचन 36) काढ. तिथे तराजू, वजनाचे दगड, धान्याचा एफा (साधारण 22 लिटर) आणि तेलाचा हिन (साडेतीन लिटरच्या आसपास) या चारही मापांना त्सेदेक हेच विशेषण लावलंय. आता बंदरावर मासळी जोखणारी बाई डोळ्यांपुढे आण. तिचं किलोचं वजन खरोखर किलोचं असेल, तर ते वजन त्सेदेक. वजनाला स्वभाव नसतो, भक्ती नसते. जे ठरलंय त्याला ते उतरतं की नाही, एवढाच प्रश्न. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात पिशवीत दोन तऱ्हेचे दगड ठेवायला मनाई आहे, घ्यायचा जड आणि द्यायचा हलका. ही चलाखी किती जुनी आहे बघ!

दुसरी जागा अनुवाद 24:10-13. गरिबाला कर्ज दिलंस तर गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही, तो बाहेर आणून देईपर्यंत दारात थांबायचं. त्याने पांघरूण गहाण दिलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचं, कारण रात्री त्याला दुसरं काही नाही. हे केलंस तर परमेश्वरासमोर ते तुझं त्सेदाका होईल. म्हणजे हक्क कागदावर तुझा, पण समोरच्याशी असलेलं नातं हक्काच्या वर. आपल्या गावातले बेने इस्राएल (कोकणातले ज्यू), ज्यांना जुनी माणसं शनिवार तेली म्हणत, त्यांच्या धर्मात दानाला आजही त्सेदाकाच म्हणतात. दान म्हणजे उपकार नव्हे, देणं लागतो म्हणून दिलेलं.

आणि उत्पत्ती 38 वगळू नकोस. अवघड प्रकरण आहे, उपासनेत सहसा कोणी वाचत नाही. यहूदाने विधवा सुनेला, तामारेला, धाकट्या मुलाशी लग्न लावून द्यायचा दिलेला शब्द पाळला नाही. तिने वेश्येचा वेष घेऊन त्यालाच गाठलं. पुढे सगळं उघडकीला आल्यावर तो म्हणतो, ती माझ्यापेक्षा नीतिमान. 'सज्जन' या अर्थाने वाचलंस तर हे वाक्य कोसळतं. नात्यातलं कर्तव्य कोणी निभावलं, असं विचारलंस तर बरोबर बसतं.

आता पौल. त्याचा सगळा डोलारा उत्पत्ती 15:6 वर उभा आहे: अब्रामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. 'गणणे' यासाठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते हिशेबाच्या वहीतलं, खात्यावर धरणे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात 25 वचनांत ते 11 वेळा येतं. पेन्सिलीने खुणा करत वाच. मग पौल तारखा तपासतो, अगदी वकिलासारखा. गणना झाली पंधराव्या अध्यायात, सुंता झाली सतराव्यात, तेव्हा अब्राहाम (अब्रामाचंच पुढचं नाव) 99 वर्षांचा होता. त्याचा मुलगा इश्माएल झाला तेव्हा 86 चा, आणि तेही गणनेनंतर. म्हणजे मधे किमान 13 वर्षं. नोंद आधी, विधी नंतर. तेव्हा विधीमुळे नोंद झाली असं म्हणायला जागाच उरत नाही.

हे तुला आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा घे. काकाने बक्षीसपत्राने जमीन दिली. तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, हरकत नसली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तुझं नाव सातला चढतं. त्या जमिनीत तू एक कुदळ मारलेली नसते. पौलाचं म्हणणं हेच: नाव लागलंय ते देणाऱ्याच्या कागदाने, घेणाऱ्याच्या घामाने नाही. रोम 8:33 या उजेडात वाच: "देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील?" हरकतीची मुदत संपलेली आहे, आणि नोंद प्रमाणित करणारा स्वतः न्यायाधीश आहे. दृष्टान्त लंगडतो तो इथेच. आपली सातबाराची नोंद महसुलापुरती, मालकीचा वाद शेवटी दिवाणी कोर्टात जातो. पौलाच्या मते या नोंदीवर अपील नाही.

तू विचारशील, आणि विचारायलाच हवं: दोषी माणसाला निर्दोष ठरवणारा न्यायाधीश लाचखाऊ नव्हे का? नीतिसूत्रे 17:15 अगदी तेच म्हणतं, दुष्टाला निर्दोष ठरवणारा परमेश्वराला वीट आणतो. आणि रोम 4:5 मध्ये देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो! पौलाला हे टोचत नव्हतं असं समजू नकोस, तो स्वतः शास्त्र शिकलेला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला) होता. त्याचं उत्तर 3:25-26 मध्ये आहे. तिथला हिलास्तेरियोन हा शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशाच्या (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीच्या) झाकणासाठी येतो. लेवीय 16 प्रमाणे प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक तिथे रक्त शिंपडायचा. पौल म्हणतो, ती जागा आता येशूचा क्रूस. पाप कानाआड केलं नाही, त्याचा भार देणाऱ्याने स्वतःवर घेतला. बक्षीसपत्रात घेणाऱ्याला मोबदला द्यावा लागत नाही, पण देणाऱ्याच्या नावावरून काहीतरी जातंच. हे पटायला जड आहे, मला मान्य. पण क्रूस काढून टाकलास तर रोमकरांस पत्रात नुसती माफी उरते, न्याय उरत नाही.

याकोबाचं पत्र वाचलंस की पुन्हा लिहिशील, म्हणून आधीच सांगतो. 2:24 मध्ये तो म्हणतो, माणूस केवळ विश्वासाने नाही तर क्रियांनी नीतिमान ठरतो. पौलाच्या थेट तोंडावर! गंमत म्हणजे आधार दोघांचा एकच, उत्पत्ती 15:6. फरक असा की याकोब त्याच्याबरोबर बाविसावा अध्याय ठेवतो, अब्राहामाने मुलगा इसहाक अर्पण करायला नेला त्याचा. सातबारात सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकाची नोंद. पौल सात बघतो, याकोब बारा. वर्षानुवर्षं बाराला 'पड' लागत राहिलं, तर त्या विश्वासाला याकोब मेलेला म्हणतो. "नाव लागलं, आता काय करायचंय" म्हणणाऱ्याला पौलही रोम 6 च्या सुरुवातीलाच झापतो.

चर्चमधली मोठी भांडणं याच कागदावरून झाली. प्रोटेस्टंट पंथाचा प्रणेता ल्यूथर याला 'देवाचं नीतिमत्त्व' या शब्दांची धास्ती होती, कारण त्याला ते शिक्षा करणाऱ्याचं नीतिमत्त्व वाटे. देव जे देतो ते नीतिमत्त्व, असा रोम 1:17 चा अर्थ लागल्यावर आपल्याला दारं उघडल्यासारखं वाटलं, हे त्याने 1545 मध्ये लिहून ठेवलंय. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये कॅथलिक बाजू मांडली: देव नुसतं नीतिमान ठरवत नाही, आतून नीतिमान करतोही. म्हणजे नाव चढवताना जमीनही कसदार करून देतो. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, मूळ गाभ्यावर एकमत आहे म्हणून. मला विचारशील तर 'ठरवणं' आधी, 'करणं' त्याच्या मागोमाग. पण खाडीपलीकडच्या कोर्लईच्या एखाद्या कॅथलिक मित्राला विचारलंस तर तो ही दोन टोकं इतकी वेगळी धरणार नाही, आणि त्याच्याकडेही वचनं आहेत.

वाचताना एक चूक हमखास होते. पुण्य जमेला, पाप नावे, शेवटी शिल्लक बघायची, असा ताळेबंद मनात राहतो. लूक 18 मधला परूशी तसाच हिशेब मांडतो: आठवड्यातून दोन उपास, उत्पन्नाचा दशांश. यातलं काहीही खोटं नाही हे लक्षात घे, म्हणून तर गोष्ट बोचते. जकातदाराकडे दाखवायला काहीच नाही, तो दूर उभा राहून ऊर बडवतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. मत्तय 6:1 मध्ये मराठीत 'धर्माचरण' आहे, मुळात तिथेही नीतिमत्त्वाचाच ग्रीक शब्द आहे, दिकायोसुने. पुढे त्याचे तीन प्रकार येतात: दान, प्रार्थना, उपास. तिन्ही करायचे, फक्त माणसांनी बघावं म्हणून नाही.

क्रम असा धर: उत्पत्ती 15, मग 38, लेवीय 19, लूक 18, नंतर रोम 3:21 पासून चौथ्याच्या शेवटापर्यंत एका बैठकीत, आणि मग याकोब 2. आमोस 5:24 मधे कुठेतरी घाल. न्याय आणि नीतिमत्त्व तिथे जोडीने येतात, आणि ज्यांना नीतिमत्त्व फक्त काळजातलं वाटतं त्यांना ते वचन गप्प करतं.

मत्तय 20 मधल्या मजुरांच्या गोष्टीवर (उशिरा आलेल्यांनाही सकाळच्यांइतकीच मजुरी मिळते ती) तू चिडलायस, ते पुढच्या पत्रात. तोवर एवढंच बघ, की मालक सकाळच्यांशी एक दिनार ठरवतो आणि नंतरच्यांना "जे योग्य ते देईन" म्हणतो. त्या 'योग्य'चं मूळ दिकायोसुनेचंच आहे.

वहिनींना सलाम सांग. नाताळात आलास तर उतरायला इथेच ये.

तुझा,
याकूब