हीट पंपाची क्षमता चौरस मीटरवरून ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय : स्वतः बांधलेल्या घरासाठी पुरवलेल्या संचातील चुकीची क्षमता, चुकीची जोडणी आणि पुस्तिकेतील धोकादायक सूचना

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीकडून आम्ही फरशीखालच्या पाइपांमधून गरम पाणी फिरवून घर गरम करण्याचा पूर्ण संच घेतला : बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा १२ किलोवॅटचा हीट पंप, ५० लिटरची बफर टाकी (गरम पाणी साठवणारी), मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा) बसवलेला मॅनिफोल्ड (पाइपांना पाणी वाटून देणारा भाग), पाइप आणि नियंत्रक. घराचे नकाशे, भिंतींचे थर, खिडक्यांची मापे, इन्सुलेशनची जाडी हे सगळे ऑर्डर देण्याआधीच आपल्याकडे पाठवले होते. त्यातला एकच आकडा आपण वापरला, तो म्हणजे १४४ चौरस मीटर. त्याला ८० वॅटने गुणून साडेअकरा किलोवॅट काढले आणि १२ चे यंत्र पाठवले. तक्रारीचे मूळ इथे आहे. बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघाल्या आहेत.

८० वॅटचा ठोकताळा जुन्या, झिरपणाऱ्या घरांचा आहे. या घराचा हिशेब आपल्याच कागदांवरून असा होतो. भिंती १५५ चौरस मीटर, यू-व्हॅल्यू (एका चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला बाहेर जाणारे वॅट) ०.१८ : दर अंशाला २८ वॅट. छप्पर ७२ चौरस मीटर, ०.१३ : ९ वॅट. खाली १२० मिलिमीटर पीआयआर (फोमचे इन्सुलेशन) असलेली जमीन, ७२ चौरस मीटर, ०.१५ : ११ वॅट. खिडक्या-दारे २८ चौरस मीटर, १.३ : ३६ वॅट. कोपरे आणि सांध्यांमधून जाणाऱ्या उष्णतेसाठी ८ वॅट. आतली हवा ३६० घनमीटर, तासाला निम्मी बदलते असे धरून ५९ वॅट. बेरीज १५१. आत २१ अंश आणि बाहेर उणे ५ अंश म्हणजे २६ अंशांचा फरक, म्हणून गरज ३.९ किलोवॅट. जमिनीखालची माती बाहेरच्या हवेइतकीच थंड धरूनही उत्तर एवढेच येते. आपण जवळजवळ तिप्पट यंत्र दिले आहे.

‘मोठे यंत्र म्हणजे सुरक्षितता’ असे आपल्या तंत्रज्ञांनी लेखी कळवले. बॉयलरच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल, हीट पंपाच्या बाबतीत नाही. या यंत्राची किमान क्षमता आपल्याच तक्त्यात ४ किलोवॅट आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीत घराला जेवढी लागते तेवढी. बाहेर १० अंश असताना घराला जेमतेम १.७ किलोवॅट लागतात. उरलेले २.३ किलोवॅट बफर टाकीत साठतात. ५० लिटर पाणी ५ अंशांनी तापायला त्यांना साडेसात मिनिटे पुरतात, मग कॉम्प्रेसर बंद होतो. पुढच्या दहा मिनिटांत टाकी निवते आणि तो पुन्हा सुरू होतो. तासाला तीन वेळा, हिवाळ्याचे बहुतेक दिवस, कारण उणे ५ अंशांचे दिवस वर्षातून मोजकेच असतात. दर वेळी सुरू होताना पहिली काही मिनिटे वीज खर्च होते आणि उष्णता पुरेशी मिळत नाही. कॉम्प्रेसरचे आयुष्यही याच सुरू-बंदमध्ये झिजते.

आता जोडणी. १२ किलोवॅटच्या यंत्राला जाण्या-येण्याच्या पाण्यात ५ अंशांचा फरक ठेवायचा तर मिनिटाला ३४ लिटर पाणी फिरवावे लागते. घराच्या दहा लूपना (फरशीतल्या पाइपांच्या वेटोळ्यांना) ३.९ किलोवॅटसाठी ११ लिटर पुरतात. हा मेळ बसत नाही म्हणून आपण चार तोंडांची बफर टाकी आणि दुसरा पंप मध्ये घातला. परिणामी ३४ पैकी २३ लिटर गरम पाणी घरात न जाताच यंत्राकडे परततात. परतीचे पाणी गरम आले की नियंत्रक घराची गरज भागली असे समजतो. योग्य क्षमतेचे यंत्र असते तर ही टाकी या जागी लागलीच नसती.

त्यावर कडी म्हणजे टाकीचे तापमान कायम ५० अंशांवर ठेवून मॅनिफोल्डवरच्या मिक्सिंग व्हॉल्व्हने ते ३५ वर आणायची आपली रचना. आधी वीज खर्चून पाणी तापवायचे आणि मग त्यात थंड पाणी मिसळायचे, याला कोणतेही तांत्रिक समर्थन नाही. पाण्याचे तापमान १ अंशाने वाढले की हीट पंपाची कार्यक्षमता साधारण २ ते ३ टक्क्यांनी घसरते. १५ अंशांचा हा फरक म्हणजे निदान तिसरा हिस्सा जास्त वीज. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलण्याची सोय याच नियंत्रकात आहे, ती आपल्या माणसांनी बंद ठेवली.

‘फरशी पायाला गरम लागत नाही, म्हणून तापमान वाढवा’ हा आपला सल्लाही चुकीचा आहे. इथे चौरस मीटरला फक्त २७ वॅट लागतात, त्यामुळे फरशी खोलीच्या हवेपेक्षा अडीच अंशांनीच गरम असते, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या आसपास. तळपायाला ती कोमट लागणारच नाही. चांगल्या इन्सुलेशनच्या घरात हेच बरोबर आहे, आणि स्वतः घर बांधणाऱ्यांना हे विक्रीआधी सांगणे आपले काम आहे.

पुस्तिकेतली एक सूचना मात्र तातडीने मागे घ्या. पाइपांवर सिमेंटचा कोबा टाकल्यावर सातव्या दिवशी ४५ अंशांवर पाणी सोडायला आपण सांगता. कोबा ओला असताना एकदम तापला की वरचा थर आधी सुकून आकसतो, कडा उचलल्या जातात आणि तडे जातात. युरोपीय मानक ईएन १२६४ नुसार सिमेंटच्या कोब्याला किमान २१ दिवस द्यायचे, मग ३ दिवस २५ अंशांचे पाणी, त्यानंतर आराखड्यातल्या कमाल तापमानाचे पाणी ४ दिवस. सात दिवसांची मुदत जिप्समच्या कोब्याची आहे, तीसुद्धा उत्पादकाने तसे सांगितले असेल तर. भिंतीकडेने लावायची फोमची पट्टी आपल्या सामानाच्या यादीतच नाही. ती नसेल तर कोबा फुगायला जागा राहत नाही आणि उष्णता थेट भिंतीत जाते. कोबा ओतताना पाइप दाबाखाली भरलेले ठेवावेत, म्हणजे फावड्याने पाइप फुटला तर तेव्हाच कळते, याचाही उल्लेख नाही.

आमच्या मागण्या अशा : खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब सही करून द्यावा. १२ किलोवॅटचे यंत्र परत घेऊन ५ ते ६ किलोवॅटचे, किमान क्षमता २ किलोवॅटपेक्षा कमी असलेले यंत्र आपल्या खर्चाने बसवावे आणि किमतीतला फरक परत करावा. आंघोळीच्या पाण्यासाठी मोठे यंत्र हवे, असे कारण देऊ नये. २०० लिटर पाणी १० वरून ५० अंशांवर न्यायला ९.३ युनिट उष्णता लागते, ६ किलोवॅटच्या यंत्राला ती द्यायला दोन तासही लागत नाहीत.

नवे यंत्र येईपर्यंत मिक्सिंग व्हॉल्व्ह आणि त्यामागचा दुसरा पंप काढून यंत्र थेट मॅनिफोल्डला जोडावे. तीच टाकी परतीच्या पाइपवर एका ओळीत बसवावी, म्हणजे बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवायला पाणी शिल्लक राहते. पाण्याचा प्रवाह यंत्राच्या किमान प्रवाहापेक्षा कमी पडत नाही हे त्याच वेळी मोजून दाखवावे. बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या लूपवरचे आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह काढावेत, सगळे लूप एकदम बंद झाले तर यंत्र बिघाडाचा संदेश देऊन थांबते. बाहेरच्या हवेनुसार चालणारे नियंत्रण सुरू करून बाहेर उणे ५ असताना पाणी ३५ अंश आणि बाहेर १५ असताना २५ अंश अशी सुरुवात ठेवावी. मग खोल्या २१ वर टिकतात का पाहून एकेक अंशाने बदलावे, आणि प्रत्येक बदलानंतर कोब्याला निदान एक दिवस द्यावा.

याच ठोकताळ्याने ज्या इतर ग्राहकांना यंत्रे दिली, त्यांनाही हा हिशेब पाठवावा. कोबा अजून ओतायचा असलेल्यांना पुस्तिकेची दुरुस्ती आधी कळवावी, त्यांचे नुकसान नंतर भरून काढता येणार नाही. ३० दिवसांत लेखी उत्तर आणि दुरुस्तीची तारीख मिळाली नाही तर ही तक्रार सगळ्या कागदांसह ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे दाखल केली जाईल.

सोबत : यू-व्हॅल्यूचा तक्ता, लूपचा नकाशा, यंत्राच्या सुरू-बंदची नोंद, आपल्या तंत्रज्ञांचे पत्र.

कळावे,
आपल्या संचाचे ग्राहक